गोडे तेल, कडू तेल

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाला नव्या गावाची खरी ओळख प्रथम वाण्याच्या दुकानात होते. चंडीगढला बदली होऊन आम्ही सेक्टर २२ मध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, तेव्हा मलाही असाच अनुभव आला. या शहराची वस्ती ज्या भागापासून सुरू झाली, तो हा सेक्टर. जेन ड्र्यू या वास्तुशिल्पी विदुषीने आखलेली विटांची साधी घरे, मधली मोकळी मैदाने आणि एका अंगाला दुकानांची लांबच लांब ओळ, असे त्याचे रूप आहे. त्या ओळीतल्या एका दुकानात पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकासाठी तेल मागितले. दुकानदाराने अदबीने विचारले, “कौडा तेल देऊ ना, साहेब?”

मी चमकलो. कौडा म्हणजे कडू. माझे बालपण वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्याकडे गोडे तेल फोडणीचे, आणि कडू तेल दिव्याचे, नाहीतर गुरांच्या जखमेवर लावण्याचे. कडू तेल खाण्यासाठी कोणी मागेल, ही कल्पनाच आम्हाला शिवली नसती. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र मोहरीचे ते झणझणीत तेल हेच तेल होते, आणि ज्याला ते नको तो माणूस थोडा विचित्रच असला पाहिजे.

घरी आल्यावर दुसरा धडा मिळाला. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी, ज्यांना आम्ही आंटीजी म्हणू लागलो होतो, माझ्या पत्नीला बजावले, “बेटा, हे तेल आधी धूर निघेपर्यंत तापव, मग थोडे निवू दे, आणि मगच त्यात फोडणी कर.” त्याप्रमाणे केले, तो नाकाला झोंबणारा तिखटपणा धुराबरोबर निघून गेला आणि कढईत मऊ, पिवळे तेल तेवढे राहिले.

एवढ्याशा घरगुती कृतीत वनस्पतिशास्त्राचा एक मोठा भेद सामावला आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. वनस्पतींत दोन जातींची तेले असतात. एक उडनशील, म्हणजे गुलाब, चंदन, वाळा, गवती चहा यांच्या अंगी सुवासाच्या रूपाने राहणारे आणि उष्णता लागताच हवेत विरून जाणारे. दुसरे स्थिर, म्हणजे तीळ, जवस, शेंगदाणा, खोबरे, एरंडी यांतून निघणारे आणि न उडणारे. मोहरी कुटून ओली झाली की तिच्यात जो तिखट अर्क तयार होतो तो पहिल्या जातीचा, आणि जे तेल आपण खातो ते दुसऱ्या जातीचे. आंटीजींच्या कढईत ही दोन्ही वेगळी झाली. हीच गोष्ट पडताळून पाहण्याची त्याहून सोपी युक्ती अशी, की दोन्ही तेलांचा एकेक थेंब कागदावर टाकावा. अत्तराचा डाग थोड्या वेळाने नाहीसा होतो, भज्यांच्या पुडीवरचा डाग कायम राहतो. आज मला बोलावयाचे आहे ते या कायम राहणाऱ्या डागाविषयी. कारण आपल्या इतिहासावरही तो पडलेला आहे.

वनस्पती हे तेल कशासाठी साठवते? बीज मातीत पडते, तेव्हा त्याला मूळ नसते आणि पानही नसते. उजेडातून अन्न तयार करण्याची सोय होईपर्यंत अंकुराने जगावे कशावर? त्यासाठी मातृवृक्ष बीजाबरोबर शिदोरी बांधून देतो. कोणी ती पिठाच्या रूपाने देतो, कोणी तेलाच्या. तेल थोड्या जागेत अधिक शक्ती साठवते, म्हणून लहान बियांच्या पुष्कळ वनस्पतींनी तोच मार्ग पत्करला आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्निग्ध पदार्थांची घटना उलगडून दाखविली. ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांच्या संयोगाने हे पदार्थ बनतात, हे त्याने सिद्ध केले. कोणत्या तेलात कोणती मेदाम्ले किती, यावर त्याचा स्वभाव ठरतो. ते थिजेल की पातळ राहील, हवेत सुकेल की ओलेच राहील, लवकर खवट होईल की टिकेल, हे सारे या मिश्रणावर अवलंबून असते.

हा स्वभाव आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्राच्या पुष्कळ आधी ओळखला होता. ‘तेल’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. संस्कृत ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. पश्चिमेकडे ऑलिव्हच्या फळावरून तेलाला नाव पडले, आपल्याकडे तिळावरून. पुढे प्रत्येक तेलाला आपण तेच नाव दिले, इतके की भूगर्भातून निघणाऱ्या खनिजाच्या रसालाही तेल म्हणतो आणि त्यात तिळाचा अंशही नसतो. तिळाची लागवड प्रथम भारतीय उपखंडात झाली असे अभ्यासक मानतात. हडप्पाच्या उत्खननात जळून काळे पडलेले तीळ सापडले, ते चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. आमच्या सेक्टरला लागून असलेल्या सेक्टर १७ मध्येही शहराच्या बांधकामाच्या वेळी हडप्पाकालीन अवशेष मिळाले. चंडीगढ ही सर्वस्वी नवी नगरी आहे असे आपण म्हणतो. पण तिच्या पायाखालची माती तिळाइतकीच जुनी आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राचे एक तेल असे नव्हतेच. प्रत्येक मुलखाचे आपापले तेल होते. कोकणात खोबरेल. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत करडई. विदर्भात जवस आणि तीळ. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत कारळे. दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूग नंतर खानदेशात आणि इतरत्र इतका रुजला, की गोडे तेल म्हटले म्हणजे शेंगदाण्याचेच असे पुष्कळांना वाटू लागले. खाण्याच्या या तेलांखेरीज दुसरीही एक मालिका होती. कोकणच्या किनाऱ्यावर उंडीच्या फळांचे तेल दिव्यात जळे. करंजाचे तेल दिव्याला आणि खरजेला. एरंडेल पोटात घेण्यासाठी, तसेच गाडीच्या आसाला वंगण म्हणून. कोकमाच्या बियांतून निघणारे तेल तर साध्या हवेत घट्टच असते. त्याचे गोळे करून ठेवीत आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना चोळीत. गोमंतकात आणि दक्षिण कोकणात त्याला भिरंडेल म्हणतात.

या वाटणीत कोणता अर्थ होता, तो पुढे रसायनशास्त्राने आकड्यांत सांगितला. १८८४ साली ह्युब्ल या शास्त्रज्ञाने तेल किती आयोडीन शोषते हे मोजण्याची रीत बसवली. शंभर ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन घेईल, तो त्या तेलाचा आयोडीन अंक. हा अंक जितका मोठा, तितके ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकण्यास तत्पर. खोबरेलाचा अंक अवघा दहाच्या आत-बाहेर; म्हणून ते महिनोन्महिने टिकते आणि थंडीत थिजते. एरंडेलाचा पंच्याऐंशीच्या सुमारास, शेंगदाणा तेलाचा नव्वदीत, तिळाचा शंभराच्या वर, करडईचा एकशे चाळीसच्या आसपास, आणि जवसाचा एकशे सत्तरपासून दोनशेपर्यंत. जवसाचे तेल पातळ थर देऊन ठेवले तर काही दिवसांत त्याची चिवट साय बनते. म्हणूनच ते रंगाऱ्याचे तेल झाले. भिंतीवर सुकणाऱ्या तेलात रंग कालवून चित्रे काढण्याची कला युरोपात जन्मली असे पूर्वी समजत. परंतु अफगाणिस्तानातील बामियानच्या लेण्यांत सातव्या शतकातील बौद्ध चित्रांमध्ये अशी सुकणारी तेले वापरलेली आहेत, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

ज्या खेडुतांनी आसाला एरंडेल आणि लाकडाला जवसाचे तेल लावले, त्यांना आयोडीन ठाऊक नव्हते. परंतु कोणते तेल सुकते आणि कोणते सुकत नाही, हे त्यांना बिनचूक ठाऊक होते. आसाला चुकून जवसाचे तेल लावले असते तर चार दिवसांत चाक चिकटून बसले असते. पुढे पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या फिरत्या एंजिनांना एरंडेलाचेच वंगण लागले. ‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध वंगणाचे १९०९ सालचे नावही एरंडीच्या इंग्रजी नावावरून घेतलेले. बैलगाडीच्या आसाचा आणि विमानाचा गुरू एकच, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या सर्व तेलांच्या आणि लोकांच्या मध्ये उभा होता तो तेली. त्याचा घाणा म्हणजे एक उखळ, त्यात तिरपी फिरणारी लाट, आणि ती ओढणारा डोळे बांधलेला बैल. कोठे उखळ दगडाचे, कोठे लाकडाचे. गिऱ्हाईक आपले तीळ, आपले जवस घेऊन येई, डोळ्यांदेखत गाळून घेई आणि तेलाबरोबर पेंडही घरी नेई. आमच्या विदर्भात तिला ढेप म्हणतात. मराठी भाषेने ‘घाण्याचा बैल’ म्हणून त्या मुक्या जनावराची दया केली. तेलीदादाच्या वाट्याला मात्र फारशी दया आली नाही. पहाटे तेल्याचे तोंड पाहणे अपशकुनाचे मानणारा समाज त्याच्याच तेलाने देवापुढे दिवा लावीत होता. ही विसंगती आज आपल्याला बोचली पाहिजे.

या व्यवसायाची सामाजिक कहाणी मात्र आपण समजतो त्याहून रुंद आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल नावाची ज्यू जमात शतकानुशतके राहत होती. त्यांची बोली मराठी, पेहराव मराठी, आणि पुष्कळांचा धंदा तेल गाळण्याचा. धर्माज्ञेप्रमाणे ते शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा थांबवणारे हिंदू ते ‘सोमवार तेली’. शेजारच्याचा धर्म कोणता, हे त्याचा घाणा कोणत्या वारी थांबतो यावरून ओळखावे आणि तेवढ्यावर समाधान मानावे, ही त्या खेड्यांची रीत मला फार सुसंस्कृत वाटते. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. जाताना मराठी भाषा बरोबर घेऊन गेली.

दुसरे नाव संताजी जगनाडे यांचे. चाकणचे हे गृहस्थ व्यवसायाने तेली होते. तुकारामबुवांच्या टाळकऱ्यांत त्यांची गणना होते, आणि बुवांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून वारकरी परंपरा त्यांना वंदन करते. सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. त्या काळची काळी शाई काजळाची, आणि काजळ तेलाच्या दिव्याचे. म्हणजे जे शब्द आज महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत, ते कागदावर उतरले तेच मुळी तेलाच्या आश्रयाने. पुढे छापखाने आले तरी हा ऋणानुबंध तुटला नाही. छपाईची जुनी शाई म्हणजे कढवून घट्ट केलेल्या जवसाच्या तेलात खललेले काजळ. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्या पिढीतल्या छापखान्यांच्या ग्रंथांचे कोणतेही पिवळे पडलेले पान उघडावे, अक्षरांभोवती तेलाची एक फिकट छटा पुष्कळदा दिसते.

जवसाचे नाव निघाले आहे, तर एका दूरच्या युद्धाची गोष्ट सांगितली पाहिजे. १८५३ ते १८५६ या काळात काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियाचे युद्ध झाले. युरोपला रंगासाठी लागणारा रशियाचा जवस त्यामुळे अडला, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि मध्यप्रांताचा जवस पोत्यांतून मुंबई बंदराकडे वाहू लागला. शेतकऱ्याला रोकड मिळाली, हे खरे. परंतु पूर्वी बी गावातच गाळले जाई, तेल माणसांना आणि ढेप गुरांना मिळे. आता संपूर्ण बीच परदेशी जाऊ लागले. त्याबरोबर तेल्याचे काम गेले आणि गुरांचा घासही गेला.

त्याच सुमारास दुसरा धक्का बसला. परदेशचे दिव्याचे खनिज तेल स्वस्त दराने गावोगाव आले. इंग्रजांच्या ‘गॅस लाइट’चा अपभ्रंश करून आपण त्याला घासलेट म्हटले. उंडी, करंज, एरंड यांच्या तेलांचे दिवे एकेक करून विझले. घासलेट ज्या चौकोनी पत्र्याच्या डब्यातून आले, तो डबा मात्र राहिला. पुढे त्याच डब्यातून गोडे तेलही घरोघर येऊ लागले. घाण्यापाशी उभे राहून तेल घेणारा माणूस अशा रीतीने डब्याचे झाकण उघडून तेल घेऊ लागला.

तिसरा धक्का सर्वांत सूक्ष्म होता. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ साली पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले. त्यातून वनस्पती तूप जन्मले. मुंबईला शिवडी येथे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १९३७ पासून डालडा हे नाव घराघरांत शिरले. या पदार्थाला ना तेलाचा वास, ना तुपाचा. कोणत्या बीजातून तो आला हे जिभेला कळण्याचा मार्गच उरला नाही. तुपात त्याची भेसळ होऊ लागली, तेव्हा सरकारने एक मार्मिक नियम केला. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा तो नियम. कारण तिळाच्या तेलाची एका विशिष्ट रासायनिक कसोटीत तांबडी खूण उमटते. तुपात वनस्पती मिसळले असेल तर तीळ चुगली करी. ज्याने सर्व तेलांना आपले नाव दिले, तोच सत्याचा साक्षीदार म्हणून उभा राहिला!

या यंत्रयुगाला महाराष्ट्रात दोन उत्तरे दिली गेली, आणि दोन्ही एकमेकांपासून पन्नास मैलांच्या आत. पहिले वर्ध्याला. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्याला दिली, आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी झाले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस. तेथे झवेरभाई पटेलांनी घाण्यावर प्रयोग करून त्याचे सुधारलेले रूप तयार केले. घाण्याच्या ढेपेत तेल अधिक राहून जाते, हा गिरणीवाल्यांचा आक्षेप होता. मगनवाडीच्या विचाराचे उत्तर असे, की राहून गेलेले तेल वाया जात नाही, ते बैलाच्या आणि गाईच्या पोटात जाते; ताळेबंद मांडायचा तो एकट्या तेलाचा न मांडता साऱ्या गावाचा मांडावा. दुसरे उत्तर नागपूरचे. दानशूर उद्योगपती रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली तेथे तंत्रविद्येची संस्था निघाली, आणि तेल-तंत्रविद्या हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय झाला. बी दाबून, द्रावणाने धुऊन, शुद्ध करून त्यातला थेंबन्‌थेंब कसा मिळवावा आणि त्यातून साबण, रंग, वंगण कसे करावे, हे तेथे विद्यार्थी शिकू लागले.

तरुणपणी मला वाटे की या दोहोंपैकी एकच खरे असले पाहिजे. आता तसे वाटत नाही. वाढत्या लोकसंख्येला बैलाच्या घाण्याने तेल पुरवणे शक्य नव्हते. यांत्रिक दाब देऊन आणि मग द्रावणाने धुऊन घेतले असता पेंडीत तेल एक टक्क्याच्या आसपासच राहते. गरिबाच्या ताटात तेल स्वस्त झाले ते अशा यंत्रांमुळे. पण कुमारप्पांचा प्रश्नही खोटा ठरलेला नाही. तेल मिळवताना आपण आणखी काय गमावतो, हा तो प्रश्न.

अमळनेरचे उदाहरण या संदर्भात आठवते. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर गावी, शेंगदाण्याच्या मुलखात, तिचा कारखाना होता. तेथे वनस्पती तूप होई आणि त्याच्या जोडीने कपडे धुण्याचा साबण. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या क्षेत्रात जगभर गेली. खानदेशातल्या भुईमुगाच्या शेंगेपासून संगणकापर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद आहे. उद्योग बीजापासून जितका दूर जातो तितका मोठा होतो, हे त्यातून दिसते. ग्राहकाचे मात्र तसे नाही. तो बीजापासून जितका दूर जातो, तितका दुबळा होतो.

याचा दाहक पुरावा १९९८ साली दिल्लीत मिळाला. त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोहरीचे तेल खाऊन माणसांचे पाय सुजू लागले, श्वास कोंडू लागला, आणि साठाहून अधिक माणसे मरण पावली. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. ते बी दिसायला मोहरीसारखेच असते आणि ते रान मोहरीच्याच हंगामात माजते. घाण्यापाशी आपले बी घेऊन उभे राहणाऱ्या बाईला ते कदाचित ओळखता आले असते. बाटली विकत घेणाऱ्याला ओळखता येणे शक्यच नव्हते. त्यानंतर सरकारने सुटे तेल विकण्यावर निर्बंध आणले, ते योग्यच झाले. पण विश्वासाची जागा शिक्क्याने घेतली, ही गोष्टही तितकीच खरी. शिक्कासुद्धा निर्दोष नसतो. ज्या वनस्पती तुपाला आपण शुद्धतेचे प्रतीक मानले, त्यातली अर्धवट घट्ट केलेली मेदाम्ले हृदयाला घातक ठरतात असे पुढे सिद्ध झाले. अखेर जानेवारी २०२२ पासून देशात त्यांच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली.

त्याच वर्षी इतिहासाने एक विलक्षण पुनरावृत्ती केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी पुन्हा युद्ध पेटले. युक्रेनचे सूर्यफूल तेल अडले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. आणि इकडे आमच्या सेक्टर २२ मधला दुकानदार रोज नवा भाव सांगू लागला. १८५३ च्या युद्धाने आमच्या विदर्भाचा जवस परदेशी नेला होता; आताच्या युद्धाने परदेशाचे तेल आमच्या कढईपर्यंत येऊ दिले नाही. तेव्हा आपण पुरवणारे होतो, आता मागणारे आहोत. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज बाहेरून येते. १९८६ साली सुरू झालेल्या तेलबियांच्या राष्ट्रीय मोहिमेने काही वर्षांत देशाला स्वावलंबनाच्या उंबरठ्यावर आणले होते. पण १९९४ नंतर स्वस्त पामतेलाची दारे उघडली आणि तो उंबरठा ओलांडायचा राहून गेला.

यात शेतकऱ्याचे काय झाले, हे करडईकडे पाहिले की समजते. कमी पाण्यावर, हिवाळ्याच्या दवावर वाढणारे हे कणखर पीक. त्याच्या तेलाला शहरात हृदयाचे मित्र म्हणून प्रतिष्ठा मिळाली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेला संकरित वाण तयार करून कापणीचा त्रासही कमी केला. तरीही करडईची शेते वर्षानुवर्षे आक्रसत गेली, कारण बाजारात सर्वच तेले रंगहीन, वासहीन आणि म्हणून सारखी झाली आहेत. जिथे नाव पुसले जाते, तिथे भाव फक्त आकड्यावर ठरतो, आणि आकड्याच्या शर्यतीत सोलापूरचा कोरडवाहू शेतकरी परदेशी मळ्यांपुढे टिकत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक घाणा पडून होता. लाट केव्हाच काढून नेलेली. उखळात पावसाचे पाणी साचे आणि आम्ही पोरे त्याच्या काठावर बसून बोरे खात असू. आजी कधी त्या बाजूने गेली की म्हणे, “जवसाचं ताजं तेल अन् ज्वारीची भाकर खाल्ली नाही तुम्ही, तुम्हाला काय कळणार?” आम्हाला खरेच काही कळत नव्हते. आमच्या घरी तोवर डबा आला होता, आणि डब्यातल्या तेलाचे बी कोणते हे आजीलाही सांगता येत नव्हते.

त्या घाण्याला पुन्हा बैल जोडावा, असे मी म्हणणार नाही. त्या बैलाचे डोळे बांधलेले होते, आणि ज्याचे तोंड पाहणे अशुभ मानले गेले त्या माणसाचे दुःखही मला विसरता येत नाही. हल्ली आमच्या बाजारात मोहरीच्या बाटल्यांवर ‘कच्ची घानी’ असे छापलेले असते. यंत्राने गाळलेल्या तेलाला घाण्याचे नाव लावावेसे वाटते, याचा अर्थ लोकांच्या मनात त्या नावाची भूक अजून आहे. ती भूक नुसत्या शब्दावर भागवू नये. बाटली हातात घेतल्यावर पुढचे अक्षर सोडून मागचे बारीक अक्षर वाचावे. हे कशाचे तेल, कोठल्या बीचे, हे विचारावे. आपल्या मुलखाचे एखादे तेल, मग ते करडईचे असो, तिळाचे असो की जवसाचे, घरात नावानिशी ठेवावे. इतके तरी आपल्या हाती आहे.

जुन्या काळी फुलेल बनवण्याची एक रीत होती. तिळाचा एक थर, त्यावर मोगऱ्याच्या किंवा चमेलीच्या फुलांचा एक थर, असे रचून ठेवीत. फुले कोमेजली की नवी घालीत. तीळ तो सुवास शोषून घेत, आणि मग ते गाळीत. फुलांचे तेल उडून जाणारे, तिळाचे न उडणारे. स्थिर तेलाने उडत्या सुवासाला धरून ठेवले म्हणून तो सणाच्या दिवशी आपल्या केसांपर्यंत पोहोचला. आमच्या आंटीजींच्या पाटीत यंदा दिवाळीच्या पहाटे मोहरीचे तेल होते, आमच्या वाटीत तिळाचे. त्यांनी आमच्या वाटीत बोट बुडवून वास घेतला, आणि हसून विचारले, “हे गोड तेल दिव्याचे की डोक्याचे?” मी म्हटले, “दोन्हीचे, आंटीजी.” मग आम्ही एकमेकांच्या पणत्यांत एकमेकांचे तेल घातले. गोडे आणि कडू, दोन्ही सारखीच जळली.